आई बसली की गाडी उचक्या देते

शीळफाट्याला गाडीने पहिली उचकी दिली, तेव्हा रवींद्रने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माणसालाही येते उचकी. कोणीतरी आठवण काढली असेल म्हणायचं आणि पुढे जायचं. दुसरी उचकी आली तेव्हा त्याने ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला. गाडी पुढे जायचं सोडून क्षणभर विचारात पडली, जाऊ की नको जाऊ, आणि मग मागून असा काही 'फाट्' आवाज झाला की शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी मांडीवरच्या पोराचे कान झाकले आणि चौकातल्या हवालदाराने तोंडातली शिटी काढून हातात घेतली.

"रवी, काय फुटलं रे?" मागच्या सीटवरून मीराबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. एअर असेल."

गाडीतलं काहीही कळेनासं झालं की रवींद्र 'एअर' म्हणायचा. विमा कंपनीत इतकी वर्षं काढल्यामुळे, ठाम आवाजात सांगितलेल्या कारणाला लोक सहसा आव्हान देत नाहीत, हे त्याला माहीत होतं. पण गाडी विमा कंपनीत नव्हती. तिने लागोपाठ तीन उचक्या दिल्या, आणखी एक फटाका फोडला आणि चौकाच्या मधोमध बंद पडली.

पुढच्या मिनिटभरात शीळफाट्यावर जेवढे इंजिन-तज्ज्ञ होते तेवढे गोळा झाले. "चोक ओढा." "चोक ढकला." "क्लच गेलाय." हवालदार म्हणाला, "साहेब, काय गेलंय ते बाजूला घेऊन बघा. आधी लेडीज लोकांना उतरवा."

मीराबाई उतरल्या, रवींद्रची बायको दर्शना उतरली. रवींद्रने एकट्याने चावी फिरवली आणि गाडी अशी सुटली, जणू काही झालंच नव्हतं. तो पुढून वळसा घालून ऐटीत परत आला, दोघींना घेतलं, आणि पन्नास पावलांवर पुन्हा उचकी. पुन्हा दोघी खाली. पुन्हा गाडी मख्खन. हा प्रकार तिसऱ्यांदा झाल्यावर कडेचा चणेवाला पुडी बांधता बांधता म्हणाला, "आजी बसल्या की अडते बघा तुमची गाडी."

सगळे हसले. दर्शना हसली नाही. ती ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आणि कुठलंही उत्तर तपासून झाल्याशिवाय त्याला हसायचं नाही अशी तिला सवय होती.

मीराबाईही हसल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला, समोरून येणारी रिक्षा थांबवली आणि डोंबिवलीला भाचीच्या साखरपुड्याला त्या रिक्षाने गेल्या. रवींद्र त्या रिक्षाच्या मागे मागे गाडी चालवत गेला. गाडी सबंध रस्ता सुतासारखी सरळ चालली. त्याला त्याक्षणी गाडीचा जेवढा राग आला, तेवढा ती बंद पडली तेव्हाही आला नव्हता.

आता मीराबाईंना हे इतकं का लागलं, ते सांगायला हवं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं, आणि त्याहून जास्त वेळ लोकांच्या डोक्यातली खुळं काढण्यात घालवला. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबला की त्या त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेऊन सोडायच्या. वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीत कोणी 'पांढऱ्या पायाची' हा शब्द उच्चारलाच तर तो जिन्यात, आणि तोही त्या घरात नाहीत याची खात्री करून.

"जन्मभर लोकांना सांगत आले की असलं काही नसतं," त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या. "आणि आता माझ्याच घरची गाडी भर चौकात मला खाली उतरवते."

"आई, योगायोग आहे गं."

"योगायोग तीनदा होत नाही. एक्स्चेंजमध्ये तीनदा लाइन तुटली की आम्ही कम्प्लेंट लिहायचो." त्यांनी ताट सरकवलं. "खडवलीला मी माझी जाईन. तुमच्या गाडीला त्रास नको."

रवींद्रचा घास तोंडातच राहिला. खडवलीला मीराबाईंची एक्स्चेंजमधली मैत्रीण सगुणा राहायची. तिने आणि गावातल्या बायकांनी मिळून विहाराशेजारच्या खोलीत वाचनालय उभं केलं होतं, आणि त्याची फीत मीराबाईंच्या हस्ते कापायची होती. आतापर्यंत मीराबाईंनी पुष्कळ फिती कापताना पाहिल्या होत्या, त्याही मागच्या रांगेतून. निमंत्रण आल्यापासून त्या आरशासमोर भाषण म्हणत होत्या. आणि घरच्या गाडीतून, मुलगा-सुनेसोबत तिथे उतरायचं, हे त्यांनी सगुणाला फोनवर इतक्यांदा सांगितलं होतं, की सगुणाने गाडी लावायला चिंचेखालची जागा झाडूनसुद्धा ठेवली होती.

म्हणजे गाडी दुरुस्त होणं आता नुसतं यांत्रिक काम उरलं नव्हतं.

गाडीविषयी दोन शब्द. मूळची ती एक साधी, जुनी, संसारी गाडी होती. लॉकडाउनमध्ये रवींद्रचा भाचा साकेत त्यांच्याकडे अडकून पडला. बाकीच्या घरांतली मुलं तेव्हा केक करत होती, साकेतने गाडी केली. मोठा कार्बोरेटर, उघडा एअर फिल्टर, दुधाच्या किटलीएवढा जाड सायलेन्सर, आणि इंजिनाला चिकटलेल्या जुन्या पेट्रोल पंपाच्या जागी मागे टाकीजवळ नवा इलेक्ट्रिक पंप. मग साकेत नोकरीसाठी बंगलोरला गेला, आणि आता तो तिथून व्हिडिओ कॉलवर निदान करायचा.

"मामा, लीन चालत असेल ती."

"लीन? हवालदारासमोर फटाका फोडते ती, लीन कशी असेल?"

"तसं नाही मामा. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त."

"तेच मी म्हणत होतो. एअर!" रवींद्र दर्शनाकडे विजयी नजरेने बघत म्हणाला.

दर्शना पेपर तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आई बसल्यावर हवा का वाढते?"

"तू फिजिक्सची बाई, आणि चणेवाल्याचं ऐकतेस?"

"मी कोणाचंच ऐकत नाहीये. मी विचारतेय."

पण कुटुंबप्रमुख म्हणून हे काम आपलं आहे, असं रवींद्रने ठरवून टाकलं होतं. तो गाडी घेऊन कल्याणला कुंडलिककडे गेला. कुंडलिकचं गॅरेज जुन्या गाड्यांसाठी नावाजलेलं. त्याने बॉनेट उघडलं, साकेतचं काम बघून कौतुकाने "पोराने जीव लावलाय" म्हणाला, प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटर उघडून धुतला, मग स्वतः पत्रीपुलापर्यंत चक्कर मारून आला.

"साहेब, गाडी ठणठणीत आहे."

"आता झाली ना?"

"आता पण आहे, आणि तुम्ही आणली तेव्हा पण होती." कुंडलिकने मान हलवली. "खोटं कशाला बोलू? मला ती एकदा पण अडलेली दिसली नाही."

तरी रवींद्र खूश होऊन घरी आला. त्याने मोठ्या मिनतवारीने मीराबाईंना खाली आणलं. "आई, नुसतं गेटपर्यंत. माझ्यासाठी." मीराबाई नेहमीप्रमाणे मागे डावीकडे बसल्या. फुटपाथच्या बाजूला उतरायला बरं पडतं, म्हणून ती त्यांची ठरलेली जागा, आणि उजवीकडे त्यांच्या पिशवीची. गाडी पार्किंगमधून निघाली, गेटवरच्या गतिरोधकावर चढली, उचकली आणि फाट्! वॉचमन खुर्चीतून उठून उभाच राहिला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ बाल्कनीत आले.

मीराबाईंनी पदर सावरला. दार उघडून उतरल्या आणि जिना चढून गेल्या. आई भांडली असती तर रवींद्रला चाललं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी सगुणाला फोन करून "कोणाच्या तरी गाडीने येईन" असं सांगितलं, तो 'कोणाच्या तरी' त्याला स्वयंपाकघरात ऐकू आला आणि तो तिथेच भांड्याच्या रॅकला टेकला.

भाऊ मात्र बोलले. भाऊ कोर्टातून निवृत्त झालेले, भाषा अजून निवाड्याची. "रवींद्रराव, पेट्रोलमध्ये पाणी आहे. मी हे शपथेवर सांगू शकतो." दुसऱ्या दिवशी त्यांचं मत बदललं, "उंदराने काहीतरी कुरतडलं असणार," आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर 'आवारात स्फोटसदृश आवाज करणाऱ्या वाहनांबाबत' अशी सूचना लावली. नाव कोणाचंच नव्हतं. सोसायटीत स्फोटसदृश वाहन एकच होतं.

त्यातच गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि तपासणीला न्यायची वेळ झाली. तिथल्या इन्स्पेक्टरांनी वाकून मागे बघितलं. "हा सायलेन्सर कंपनीचा नाही. मूळचा बसवून आणा."

मूळचा सायलेन्सर गच्चीवर होता. पण मधल्या वर्षांत भाऊंनी त्यावर तोंडलीचा वेल चढवला होता, आणि वेल ऐन भरात होता.

"सायलेन्सर तुमचा, हे मान्य," भाऊ म्हणाले. "परंतु वेल सोसायटीचा आहे. त्याला इजा पोहोचणार असेल तर तुम्ही लेखी अर्ज द्यावा."

"भाऊ, तो सायलेन्सर बसला की आवाज कमी होणार आहे. तुमच्याच सूचनेचं पालन होईल."

भाऊ विचारात पडले. स्वतःच्याच दोन भूमिका एकमेकींसमोर उभ्या राहिल्या की कोर्टातला माणूससुद्धा गडबडतो. शेवटी अर्ज माफ झाला, भाऊंनी स्वतः एकेक तणावा सोडवून वेल बांबूवर घेतला, आणि रवींद्र मांडवाखालून नवरदेव उचलावा तसा सायलेन्सर उचलून खाली आला.

तपासणीत गाडी अशी काही वागली, की विचारू नका. ना उचकी, ना फटाका. इन्स्पेक्टर म्हणाले, "इंजिन छान ठेवलंय हो." रवींद्रला आनंद व्हायला हवा होता. कागद मिळाले होते, गाडी भंगारात जायची टळली होती. पण त्याला वाटलं, या गाडीबाईने आपल्याशी घरात एक आणि बाहेर एक वागायचं ठरवलंच आहे. त्याने घरी येऊन चावी टेबलावर टाकली.

"मी हरलो," तो म्हणाला. "खडवलीला टॅक्सी सांगतो."

दर्शनाने चावी उचलली. "उद्या सकाळी मी बघते."

"तुला कार्बोरेटरमधलं काय कळतं?"

"काहीच नाही. का बिघडते ते मला विचारू नकोस. आधी कधी बिघडते ते बघू."

सकाळी ती सलवार-कमीजवर ओढणीची गाठ मारून खाली उतरली. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासून होतं, पण रवींद्र असताना ती कधी स्टिअरिंगवर बसली नव्हती. भांडण नको म्हणून बसली नव्हती, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, कारण ती त्याच्यापेक्षा चांगली चालवत होती.

"नियम एकच," ती म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू प्लग बदललेस, वायरी बदलल्यास, कार्बोरेटर धुतलास, सगळं एकदम. चुकून बरी झाली असती, तरी कशाने झाली ते कळलं नसतं."

त्यांनी सोसायटीपासून नाक्यापर्यंत आणि परत अशा फेऱ्या सुरू केल्या. दोघं पुढे, गाडी ठीक. काचा बंद करून, ठीक. हेडलाइट लावून, ठीक. मीराबाईंची पिशवी मागे ठेवून, ठीक. प्रत्येक फेरीनंतर दर्शना न चिडता, न कंटाळता "हं, हे नाही," एवढंच म्हणायची. रवींद्र प्रत्येक 'ठीक'ला निराश होत होता. तिला मात्र प्रत्येक 'नाही' मिळाल्यावर काहीतरी सापडल्यासारखं वाटत होतं. पोरं हिच्या तासाला का बसतात, असं त्याला नेहमी वाटायचं. आता तोही बसला होता.

"आता मागे माणूस हवा," ती म्हणाली.

आईंना विचारायची सोय नव्हती. पण बाल्कनीत भाऊ होतेच.

"भाऊ, जरा याल का? एक प्रयोग आहे."

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. दर्शनाने त्यांना मागे उजवीकडे बसवलं. नाक्यापर्यंत गाडी झकास चालली, आणि भाऊ पेट्रोलमधल्या पाण्याविषयी बोलत राहिले. परतीला ती म्हणाली, "आता डावीकडे सरका."

भाऊ सरकले. गाडी वीस-पंचवीस पावलं गेली, आणि उचकी. मग दुसरी.

भाऊंचं वाक्य अर्धवट राहिलं. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दर्शनाताई, म्हणजे... मीसुद्धा?"

"पुन्हा उजवीकडे या."

गाडी ठीक.

"डावीकडे."

उचकी.

मग त्या सकाळी वर्तकनगरच्या रस्त्यावर भाऊ कॅरमच्या स्ट्रायकरसारखे इकडून तिकडे सरकत राहिले. बाल्कन्यांत माणसं जमली. शेवटी भाऊ घामाघूम झाले तेव्हा दर्शनाने त्यांना आदराने उतरवलं, आणि रवींद्रला घरातून तांदळाची गोणी आणि गव्हाचा डबा आणायला पाठवलं. दोन्ही डावीकडे ठेवले, वर प्रेशर कुकर. गाडी निघाली, गतिरोधकावर चढली, उचकली.

दर्शनाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून मागे वळून त्या कुकरकडे अतिशय प्रेमाने बघितलं.

"माणसाचा संबंध नाही," ती म्हणाली. "वजनाचा आहे. सीटखाली काय आहे रवी?"

रवींद्रने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि 'एअर' म्हणणार इतक्यात मिटलं. त्यांनी दोघांनी मिळून मागची सीट उचलली. खाली गालिच्यावरून एक लाल वायर टाकीकडे, साकेतच्या त्या पेट्रोल पंपाकडे गेली होती. डाव्या बाजूला, बरोबर सीटच्या लोखंडी पट्टीखाली, तिचे दोन तुकडे एकमेकांना पिळून जोडलेले होते, आणि वर गुंडाळलेली टेप उन्हाळ्यांनी सुटून लोंबत होती. वर कोणी बसलं की पट्टी वायरीला ओढायची, हिसका बसला की जोड सुटायचा, पंपाची वीज जायची, आणि बिचारं इंजिन पेट्रोलवाचून आचके द्यायचं.

रवींद्रने तिथूनच साकेतला फोन लावून वायर दाखवली.

"अरे हा! मामा, तो जॉइंट टेम्पररी होता."

आपल्याकडे टेम्पररी केलेल्या कामाइतकं दीर्घायुषी काही नसतं. रवींद्र लगेच टेप आणायला निघाला, तर दर्शनाने त्याचा हात धरला. "आत्ता नाही. आधी आईंना बोलाव."

मीराबाई खाली आल्या, पण गाडीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. दर्शनाने सीट परत जागेवर ठेवली, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. मागून बारीक आवाज येऊ लागला, टिक टिक टिक टिक.

"आई, हा पेट्रोलचा पंप. आता सीट इथे हाताने दाबा. जोरात."

मीराबाईंनी नाखुशीने दोन्ही हातांनी सीट दाबली. टिकटिक थांबली. हात काढला, सुरू झाली. दाबली, थांबली. त्यांनी मान तिरकी करून कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक्स्चेंजमधली जुनी मीराबाई हळूहळू परत आली.

"अगं, लूज कनेक्शन आहे हे!"

"हो आई."

"साधं लूज कनेक्शन! माझं काही नाही यात!"

"तुमचं कशाला असेल? भाऊ बसले तरी होतं. कुकर ठेवला तरी होतं."

"कुकर," मीराबाई समाधानाने म्हणाल्या. त्यांनी सगळ्या बाल्कन्यांकडे वर बघत सीट आणखी एकदा दाबून दाखवली. "ऐका रे सगळे! लूज कनेक्शन!" मग त्यांनी दर्शनाच्या गालावरून हात फिरवला आणि तो हात तिथेच ठेवला. रवींद्र वायरीकडे बघायचं निमित्त करून वाकला, कारण त्याला डोळे पुसायचे होते.

कुंडलिकने त्याच दिवशी नवी वायर घातली, सीटखालून नव्हे, दाराच्या कडेने. "वहिनी, मी चारदा बॉनेट उघडलं," तो म्हणाला. "सीटवर तर आमचा चहा ठेवला होता."

रविवारी दर्शनाने गाडी चालवली. रवींद्रने न मागता चावी तिच्या हातात दिली होती. नाशिक हायवेवरून पडघ्याला वळले, तोवर मीराबाईंनी भाषण दोनदा म्हणून दाखवलं, आणि गाडी एकदाही मध्ये बोलली नाही. खडवलीला सगुणा आणि गावातल्या बायका रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. मीराबाई गाडीतून उतरल्या त्या इतक्या सावकाश, की ज्याला बघायचं राहिलं असेल त्यालाही बघायला मिळावं.

फीत कापली, टाळ्या झाल्या. मीराबाईंनी माइक हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं भाषण बाजूला ठेवलं. "पुस्तकं कशाला वाचायची, ते सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची गाडी मी बसले की बंद पडायची..." आणि मग शीळफाट्यापासून कुकरपर्यंत सगळी हकिगत त्यांनी अशी रंगवली, की बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि भाऊंच्या सरकण्यावर तर एक आजोबा खुर्चीतून घसरले. "माझी सून म्हणाली, आधी बघू, मग बोलू," मीराबाई म्हणाल्या. "इथे येणाऱ्या प्रत्येक पोरीने एवढं शिकलं तरी पुरे."

कार्यक्रम संपला तसा दर्शनाला लोकांनी गराडा घातला. एकीची पिठाची गिरणी मध्येच थांबत होती, एकाचा विहिरीवरचा पंप फक्त संध्याकाळी रुसायचा. दर्शना प्रत्येकाला एकच विचारत होती, "कधी होतं तसं? नीट आठवून सांगा." रवींद्र लांबून वडापावची प्लेट धरून बघत होता. एवढ्या गर्दीत तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि जो तो आपलं मशीन विसरून तिच्याकडे बघत होता.

इतक्यात कार्यकर्त्यांपैकी एकजण घाईघाईने त्याच्याकडे आला. "तुम्ही मॅडमचे ड्रायव्हर ना? गाडी जरा मागे घ्या, टेम्पो आत घ्यायचाय."

एरवी रवींद्रने विमा कंपनीतला आपला हुद्दा सांगितला असता, आणि तोही पूर्ण.

"हो," तो म्हणाला. "पण चावी मॅडमकडे आहे. थांबा, विचारून येतो." आणि प्लेट त्याच्या हातात देऊन तो गर्दीत शिरला आणि आपला नंबर यायची वाट बघत विहिरीच्या पंपवाल्याच्या मागे रांगेत उभा राहिला.